एकशे बारा नंबरचं फूल

वनस्पती सर्वेक्षणाच्या त्या कचेरीत तिला सगळे फोटोबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती तिथे झाडापानांचे फोटो काढत होती. वाळवंटात उगवणारं बोटभर उंचीचं गवतसुद्धा तिच्या कॅमेऱ्यासमोर येऊन गेलं होतं. माणसांचे फोटो मात्र ती काढत नसे. कुणी निरोपसमारंभाला फारच गळ घातली तर म्हणायची, "माणसं हलतात हो. त्यापेक्षा माझी काटेरी झुडपं बरी, गुपचूप बसतात."

गेली तीन वर्षं ती एक गोष्ट सगळ्यांपासून लपवत होती. तिचे डोळे चालले होते.

नजरेच्या अगदी मधलं तिला लख्ख दिसायचं. पाकळीवरची लव मोजता यायची, बारीक टाइपातली नावं वाचता यायची. पण त्या मधल्या भागाच्या कडेकडेने सगळं विरत चाललं होतं, एखाद्या नळीतून बघावं तसं. आणि उजेड उतरला की नळीच्या तोंडाशीही धूर साचायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा पडद्याचा आजार, घराण्यातून येतो, औषध नाही. डॉक्टर भला माणूस होता. "घरात आणखी कुणाला..." असं विचारून तो अडखळला तेव्हा तिनेच वाक्य पुरं केलं. "आईला. पंचेचाळिसाव्या वर्षी ती ठार आंधळी झाली. मी शेहेचाळीसची आहे, म्हणजे एक वर्ष वरकड मिळालंय मला." हे बोलून ती हसली, आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर तासभर बसून राहिली.

मग तिने लपवायला सुरुवात केली. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, अंधार पडायच्या आत निघायचं. जिना उतरताना फोन कानाला लावायचा, म्हणजे सावकाश उतरलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. स्टुलाला धडकलं तर चटकन ज्याने ते वाटेत ठेवलं त्याच्यावर डाफरायचं. आणि फील्डवर गेलं की ट्रायपॉड मिटून हातात धरायचा, टेकवत टेकवत चालायचं. लोकांना वाटे, बाईंचं वय झालं, गुडघे कुरकुरायला लागले. वाटू दे म्हणायची ती.

फसली नाही ती फक्त आई. दोघी मायलेकी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. एके सकाळी आई खिडकीशी बसून मटार सोलत होती आणि ही कपाटातून साखर काढत होती.

"कधीपासून?" आईने एकदम विचारलं.

"काय कधीपासून?"

"कपाटाचं दार आधी चाचपतेस, मग उघडतेस. मी नवी नवी असताना असंच करायची."

ती साखरेचा डबा हातात धरून थांबली. आईचे हात मात्र थांबले नाहीत, शेंगा फुटत राहिल्या.

"तुझ्या सरांना सांगून टाक."

"सांगितलं की संपलं, आई. स्टोअरमध्ये बसवतील, पाकिटांवर लेबलं चिकटवायला."

"मग चिकटव. लेबलं चिकटवून कुणी मेल्याचं ऐकलं नाही मी."

"तुला नाही कळायचं."

"बरोबर आहे," आई म्हणाली, "मला काय कळणार डोळे जाण्यातलं."

सर म्हणजे त्या कचेरीतले सर्वांत जुने वनस्पतितज्ज्ञ. निवृत्तीला दोन महिने उरलेले. त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं: त्या वाळवंटातल्या एकूण एक झाडाझुडपांची नोंद. पुस्तक छापखान्यात जायच्या बेताला आलं होतं. प्रत्येक वनस्पतीला एक नंबर, एक वर्णन आणि बाईंनी काढलेला एक फोटो. फक्त एकशे बारा नंबरला फोटो नव्हता.

ते रोप सरांना अकरा वर्षांपूर्वी एकदाच सापडलं होतं, तेही भल्या सकाळी, मान टाकलेलं. ते उमलतं संध्याकाळी, त्याच्या जवळच्या जातीसारखंच, आणि सकाळपर्यंत मिटून काळं पडतं. जमिनीत बी वर्षानुवर्षं पडून राहतं. मनासारखा पाऊस झाला तरच रुजतं. सरांनी तेव्हा एक फांदी कागदात दाबून आणली होती, ती आता चहाच्या डागासारखी तपकिरी दिसत होती. सरांचं म्हणणं, ही जात वेगळी आहे. बाकीच्या तज्ज्ञांचं म्हणणं, ही तीच नेहमीची पांढऱ्या फुलांची. सगळा वाद येऊन अडकला होता तो आतल्या रंगावर, आणि ताज्या फुलाचा आतला रंग तर कुणीच पाहिला नव्हता.

त्या वर्षी ध्यानीमनी नसताना तीन दिवस पाऊस लागला. पाच आठवड्यांनी कचेरीचा ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या कामावरून परतला तो धावतच आला. सगळं रान फुललंय म्हणाला, गाडी कुठून काढावी कळेना. सर दुसऱ्याच दिवशी गेले. परतल्यावर ते आपल्या खुर्चीत न बसता थेट फोटोबाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हे एकोणीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. कुणाशी बोलायचं असलं तर ते बोलावणं धाडत.

"बाई, एकशे बारा," ते म्हणाले. "सात रोपं आहेत. चारांना कळ्या धरल्यात. उद्या संध्याकाळी उमलतील."

"संध्याकाळी किती वाजता, सर?"

"सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. मग जो काही उजेड असेल त्यात घ्यायचं. फ्लॅश नको. त्या पातळ पाकळ्यांचा रंग उडतो फ्लॅशने."

 त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मुख्य कचेरीत दुसरा फोटोग्राफर होता. फोन केला असता तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आलाही असता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला हेच ऐकवत राहिली, की मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सर समोर उभे होते. एकोणीस वर्षांत त्यांनी तिच्या कामाला एकदाही "छान" म्हटलं नव्हतं; फोटो बघायचे, मान हलवायचे, पुढचं पान उलटायचे. हे बहुधा आपलं शेवटचं मोठं काम, हेही तिला दिसत होतं. ते दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तिचं मन धजेना.

"येते, सर," ती म्हणाली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने सगळं मनात आखलं. चार वाजता पोचायचं. उन्हात जागा नीट बघायची. एका रोपासमोर ट्रायपॉड रोवायचा, कॅमेरा बसवायचा, गुडघे टेकायचे आणि मग तिथून हलायचंच नाही. मधलं दिसतंय ना, मग कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं फूलही दिसेल. पाय हलवायचे नाहीत, एवढं सांभाळलं की झालं.

सकाळी निघताना आई म्हणाली, "संध्याकाळचं काम आहे ना गं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू आंघोळीला जाताना गाणं म्हटलं नाहीस. नको जाऊस."

"आई, मला उशीर होतोय."

वाटेत जीप रुतली. ओल खाल्लेली वाळू वरून कोरडी दिसत होती, आतून मऊ होती. मागचं चाक अर्धंअधिक आत गेलं. ड्रायव्हरने आणि सरांनी फळ्या घातल्या, वाळू उपसली; सर सत्तावन्न वर्षांचे, कोपरापर्यंत वाळूने माखले तरी हटेनात. बाई घड्याळ बघत उभी होती. सव्वाचार. पावणेपाच. सव्वापाच. दर थोड्या वेळाने ती सूर्य किती उतरला ते बघत होती, आणि सरांना वाटत होतं की बाईंनाही आपल्याइतकीच फुलाची तळमळ आहे.

ते पोचले तेव्हा सूर्य क्षितिजाला टेकला होता. सगळं माळरान पिवळ्या आणि जांभळ्या रानफुलांनी भरलं होतं, असं ड्रायव्हर म्हणत होता. तिला दिसला तो समोरचा तळहाताएवढा तुकडा; मान फिरवली की दुसरा तुकडा. ट्रायपॉड टेकवत ती सरांच्या पाठीच्या मागोमाग गेली. सरांचा शर्ट पांढरा होता, ते एक बरं होतं.

एका कोरड्या ओहळात, दगडगोट्यांच्या मधोमध ती सात रोपं होती. वीतभर उंच, मातकट. दोन पावलांच्या जागेत सगळी.

"ही इथे पहिली," सर म्हणाले. "जपून हं."

रोपांवर पाय पडू नये म्हणून सर दहा-बारा पावलं मागे जाऊन उभे राहिले. तिने गुडघे टेकले. हाताने जमीन चाचपून ट्रायपॉडचे पाय पसरवले, कॅमेरा खाली आणला. पडद्यावर कळी आली. केसाळ, हिरवट, गच्च मिटलेली. तिने श्वास सोडला. दिसत होतं. चक्क दिसत होतं!

सूर्य बुडाला. वारा पडला. कळीचं टोक हललं, मग एक चीर पडली. तिने पहिला फोटो घेतला, दुसरा घेतला. कळी अर्धी उघडली आणि तिथेच अडून बसली. बाहेरच्या हिरव्या पाकळ्या ताठ, आतलं काही दिसेना. अडतीस फोटो झाले. पडदा अंधारत चालला होता की तिचे डोळे, ते तिला उमगत नव्हतं.

"बाई!" सरांचा आवाज लहान पोरासारखा चढला होता. "ते पलीकडचं बघा, ते पूर्ण उघडलं! लवकर. ते घ्या, ते घ्या!"

"कुठलं, सर?"

"ते काय, तुमच्या डावीकडे. दोन हातांवर."

तिने डावीकडे बघितलं. राखेसारखं काहीतरी सगळीकडे पसरलेलं. दगड कुठला, रोप कुठलं, काही वेगळं दिसेना. हीच वेळ होती, मला दिसत नाही म्हणायची. तीन शब्द. तिने ट्रायपॉड उचलला, उठून उभी राहिली आणि डावा पाय टाकला.

पायाखाली काहीतरी मऊ लागलं.

"अहो, थांबा! पाय! पाय!"

ती दचकून मागे सरली. टाचेखाली आणखी काही मोडलं. "तिकडे नाही, बाई, तिकडे नाही!" तिकडे म्हणजे कुठे? ती बाजूला वळली, दगडावरून पाय निसटला, तोल सावरायला तिने ट्रायपॉड टेकवला तो टेकलाच नाही, कॅमेऱ्यासकट आडवा झाला. ती हातांवर पडली. तळव्याखाली ओलसर, थंड असं काही चिरडल्याचं तिला कळलं. वास आला, कापलेल्या काकडीसारखा.

"हलू नका," सर म्हणाले. आता ओरडणं नव्हतं. "बाई, आता अजिबात हलू नका."

ती तशीच ओणवी राहिली. ड्रायव्हर विजेरी घेऊन धावत आला. त्या उजेडात सर गुडघ्यांवर बसले आणि एकेक रोप बघू लागले. कळ्या धरलेली चारही गेली होती. दोन पायांखाली, एक हाताखाली, चौथं कॅमेऱ्याखाली. उरलेली तीन शाबूत होती, पण त्यांना कळीच नव्हती. सरांनी चुरगळलेल्या पाकळ्या बोटांनी उचलून कागदावर ठेवल्या. त्या भिजलेल्या शाईच्या कागदासारख्या झाल्या होत्या. पांढऱ्या की जांभळ्या की आणखी कसल्या, कुणाला सांगता आलं नसतं. ड्रायव्हरने मोबाइलवर फोटो काढून बघितला. विजेरीच्या झोतात सगळं पांढरंफटक आलं.

कागद मिटून सरांनी विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही का?"

"नाही दिसलं."

"म्हणजे... मुळातच?"

"संध्याकाळी नाही दिसत, सर. कडेचं तर दिवसाही नाही."

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

सर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विजेरी खाली ठेवली आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तीन वर्षं. म्हणजे अर्धं पुस्तक."

तिला आधी अर्थ कळला नाही. मग कळला. त्यांना आता तिच्या सगळ्याच फोटोंचा संशय आला होता.

जीपपर्यंत ड्रायव्हरने तिचा हात धरून नेलं. "ताई, इथे दगड आहे. आता उतार. बस, पोचलो." दार उघडून देताना तो हळूच म्हणाला, "मला शंका होतीच. गेल्या साली दोनदा तुम्ही दार समजून मागच्या चाकाशी उभ्या राहिला होतात."

"मग बोलला का नाहीत, दादा?"

"तुम्हीच बोलत नव्हता, ताई. मी कुठल्या तोंडाने बोलणार?"

परतीच्या वाटेवर ती कॅमेऱ्यावरची वाळू रुमालाने पुसत राहिली.

त्या अडतीस फोटोंतले बरेचसे स्पष्ट आले होते. अर्धवट उघडलेली, हिरवट, केसाळ कळी. नेहमीच्या पांढऱ्या फुलाची कळीही हुबेहूब तशीच दिसते. सरांनी ते पडद्यावर एकदा पाहिले, मान हलवली आणि उठून गेले. चार दिवसांनी त्यांनी अहवाल दिला. त्यांना खोटं लिहिता येत नसे. अडचणीचं वगळून लिहिणंही जमत नसे. अहवालात एक ओळ होती: छायाचित्रकाराच्या दृष्टिदोषामुळे कळ्या धरलेली चारही रोपे नष्ट झाली. अहवालाची प्रत सहीसाठी तिच्याकडेच आली. तिने ती ओळ दोनदा वाचली. मधोमध छापलेली होती, स्वच्छ दिसत होती. तिने सही केली.

पुढच्या आठवड्यात कॅमेरा जमा झाला. कचेरीच्या मुख्य साहेबांनी बोलावून गोड शब्दांत सांगितलं, की नोकरीला धक्का नाही, सध्या स्टोअर बघा. स्टोअरमध्ये खिडकी नव्हती. दिवसभर ट्यूबलाइट जळायची आणि ती पाकिटांवर लेबलं चिकटवायची. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि आईवर उखडली. "झालं समाधान? बसले मी लेबलं चिकटवत!" आई म्हणाली, "मी काय हौसेने म्हटलं होतं का गं?" आणि ताटं मांडायला उठली.

सर निवृत्त झाले. समारंभाला तिला बोलावलं होतं, ती गेली नाही. पुस्तक छापून आल्याचं स्टोअरमध्ये कुणीतरी बोललं. तिने मागितलं नाही.

मग एका रविवारी, ऐन दुपारी, दार वाजलं. सर होते. तीन जिने चढून आल्याने धापा टाकत होते. एकोणीस वर्षांत ते तिच्या घरी कधी आले नव्हते. आईने फोनवर ऐकलेल्या आवाजावरून ओळखलं, "सरच ना?" म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

सर खुर्चीच्या कडेवर टेकले. "मी आठ दिवसांनी पुन्हा गेलो होतो तिथे," ते म्हणाले. "ती तीन रोपं. वाळून गेली होती. कळी धरलीच नाही."

"बी?"

"असेल जमिनीत थोडं जुनं. असलं तर." ते थांबले. "पुढच्या पावसाला मी असेन असं नाही. आता सांधेही... असो. दुसरं सांगायला आलो होतो. तुमचे तीन वर्षांतले सगळे फोटो मी तपासले. एकूण एक. मूळ झाडांशी ताडून पाहिले. दोन महिने लागले. एकातही खोट नाही. फार चांगलं काम आहे, बाई. छान आहे."

इतक्या वर्षांनी तो शब्द आला आणि तिला काहीच झालं नाही. तिच्या मनात एवढंच आलं, की या माणसाला दोन महिने बसून माझे फोटो तपासावे लागले.

"सर, एक विचारू? ते जे पूर्ण उघडलं होतं, डावीकडचं. तुम्ही पाहिलंत ना. आतला रंग कुठला होता?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नाही हो पाहिला," ते म्हणाले. "लांबून काहीतरी उघडलेलं दिसलं, तेवढंच. म्हटलं तुमच्याबरोबर जवळ जाऊन बघू. मग तुमचा पाय वाकडा पडला आणि मी तुमच्याकडेच बघत राहिलो. पडाल म्हणून."

चहा आला. सरांनी तो गरम गरमच संपवला आणि निघाले. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती; एकेका मजल्यावर ते थांबत होते.

दार लावून ती परत आली तेव्हा आई त्याच खुर्चीत बसली होती.

"डॉक्टर आता आणखी किती वर्षं म्हणाले गं तुला?"

"चार. फार तर पाच."

"मग तेवढ्यात बघायचं ते बघून घे. मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी नुसती भांडी घासत बसले."

"काय बघू, आई?"

आईकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं. आता तिने सरांचा कप बरोबर जिथे होता तिथून उचलला आणि तो विसळायला आत निघून गेली.